ख चा रकाना

भाऊंना बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. दोनदा, हलकेच, आपण बोललो तर कुणाची हरकत नाही ना, असं विचारल्यासारखं. दुकानात, रांगेत, डॉक्टरांपुढे तर ते खाकरतच. पण दाराची घंटा दाबण्याआधी, पत्र पेटीत टाकण्याआधी, पुस्तकाचं पान उलटण्याआधीसुद्धा खाकरत. बायको म्हणायची, "घरात चोर शिरला तर तुम्ही आधी खाकराल आणि मग ओरडाल. तेवढ्यात तो कपाट रिकामं करून जाईल."

या सवयीपायी त्यांची पदवी गेली होती. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. शरीरक्रियाशास्त्राची तोंडी परीक्षा होती आणि समोर तो विषय शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. बाई तेव्हा छत्तिशीच्या, पण विद्यार्थी त्यांना टरकून असत. त्यांनी अगदी सोपा प्रश्न विचारला. गुडघ्याखाली हातोडीनं हलकेच मारलं की पाय का उडतो? भाऊंना ते पान खालच्या टिपेसकट पाठ होतं. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. टीप डोळ्यांपुढे दिसत होती, पण तोंडातून अक्षर फुटेना. बाईंनी वाट पाहिली, मग शांतपणे गुणपत्रिकेवर शून्य लिहिलं.

संध्याकाळी जिन्याखाली बाईंनी त्यांना गाठलं. "तू सात वेळा खाकरलास," त्या म्हणाल्या.

भाऊ आठव्यांदा खाकरले.

"आठ. मोजायची मला सवय आहे, राग मानू नकोस. माझ्याकडे एक काम आहे. त्यात बोलावं लागत नाही. येशील?"

भाऊ गेले ते छत्तीस वर्षं तिथेच राहिले.

काम होतं कॉलेजच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकत त्या दोन खोल्यांत. तोंडात अन्न आलं की कुत्र्याला लाळ सुटते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण अन्नाआधी रोज भोंगा वाजवला, तर काही दिवसांनी नुसत्या भोंग्यानंच त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागतं. हे मात्र तो शिकलेला असतो. या शिकलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेचा बाईंनी ध्यास घेतला होता. किती दिवसांत शिकतो, किती दिवसांत विसरतो, विसरलेलं पुन्हा कसं आठवतं. देशात तेव्हा हे काम दुसरं कुणी करत नव्हतं. बाकीचे प्राध्यापक त्यांना पाठीमागे 'लाळबाई' म्हणत. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे. फक्त किती थेंब तेही म्हणायला हवं होतं."

आतल्या खोलीत मेजावर कुत्रा पट्ट्यांत उभा असे. त्याच्या गालाला एक बारीक नळी. नळीतून पडणारा प्रत्येक थेंब पत्र्याच्या एका जिभेवर पडे, आणि बाहेरच्या खोलीत एक सुई फिरत्या नळकांड्यावर बारीक रेघ ओढी. दुसरी सुई भोंगा वाजल्याची खूण करी. नळकांड्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला. फळीच्या भिंतीपलीकडे भाऊ बसत. भोंग्याचं बटण दाबायचं, दहा मोजायचे, दोरी ओढून अन्नाची वाटी पुढे सारायची. काळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत. दिवसाचं काम संपलं की तो कागद लाखेच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालायचा. भाऊंच्या नखांत कायम काजळी असे आणि बाह्यांना लाखेचा वास. मागच्या मेजाशी बाई वही उघडून पेन्सिलीनं काहीतरी टिपत बसलेल्या.

कुत्री बरीच होऊन गेली, पण खरा मानकरी एकच. पांढऱ्या भुवया, सावकाश चाल, आणि आपल्यावाचून इथलं काही चालायचं नाही अशी मुद्रा. त्याला सगळे 'पंत' म्हणत. पंतांवर बाईंनी लिहिलेल्या पहिल्या निबंधानं त्यांचं नाव झालं. परदेशातून पत्रं आली. लाळबाई म्हणणारे प्राध्यापक आपल्या पाहुण्यांना त्या दोन खोल्या दाखवायला आणू लागले.

दोन वर्षांनी बाईंनी दुसरा निबंध लिहिला, तो पहिल्याहून गाजला. त्यात त्यांनी म्हटलं होतं की जनावर आपण शिकवतो तेवढंच शिकत नाही. प्रयोगकर्त्याच्या नकळत त्याच्याकडून ज्या खुणा जातात, पावलांचा आवाज, श्वास, घशातला आवाज, त्याही ते शिकतं, आणि कधीकधी भोंग्याआधी शिकतं. म्हणून प्रयोगकर्त्यानं आधी स्वतःला मोजावं. या निबंधाची स्वच्छ प्रत भाऊंनीच केली. करताना त्यांना बाईंच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटलं. बाईंची खुर्ची करकरते, त्या लिहिताना पुटपुटतात, हे भाऊंना ठाऊक होतं. स्वतःबद्दल एवढं जाहीरपणे लिहायला छाती लागते, असं त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं.

आणि पुढच्याच आठवड्यात ते घडलं. प्रयोग नव्हता. पंत पिंजऱ्याबाहेर पाय पसरून पडले होते. भाऊंना अर्ध्या दिवसाची रजा हवी होती, म्हणून ते बाईंच्या दाराशी जाऊन खाकरले. मागे पंत ताडकन उठून बसले. कान टवकारलेले, नजर भाऊंवर, आणि जबड्यातून लाळेची तार थेट फरशीपर्यंत.

भाऊ रजा न मागताच परत आले. बटण दाबण्याआधी आपण खाकरतो. रोज, प्रत्येक वेळी. वाळलेल्या कागदांची चळत त्यांनी काढून पाहिली. थेंबांच्या रेघा भोंग्याच्या खुणेच्या जराशा अलीकडेच सुरू होत होत्या. सुया थोड्या मागेपुढे असतील, असं तोवर ते स्वतःला सांगत आले होते.

म्हणजे पहिला निबंध, परदेशची पत्रं, बाईंचं नाव, हे सगळं आपल्या खाकरण्यावर उभं आहे.

हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. उद्या सांगू, सोमवारी सांगू, सुट्टीनंतर सांगू म्हणता म्हणता पंत गेले, बाई निवृत्त झाल्या, भाऊही निवृत्त झाले. अडतीस वर्षं झाली.

आता बाई शहाऐंशीच्या होत्या आणि त्यांचं सगळं लेखन एका जाड पुस्तकात येत होतं. सोबत प्रयोगाच्या वह्याही छापायच्या होत्या. बाईंचं अक्षर लागणारा माणूस एकच उरला होता. संपादिका स्वतः घरी येऊन मुद्रितांचा गठ्ठा देऊन गेली.

"भाऊ, यातली तुटक अक्षरं तेवढी सोडवून द्या," ती म्हणाली. "आणि शेवटच्या पानावर 'तपासले, बरोबर आहे' लिहून सही करा. शनिवारपर्यंत माझ्या हातात हवं. या तक्त्यांवर लोकांनी दोन पिढ्या विश्वास ठेवलाय, तेव्हा नजरचूक नको."

भाऊंनी चार दिवस खपून काम केलं. थें म्हणजे थेंब. भों म्हणजे भोंगा. से म्हणजे सेकंद. वहीच्या कडेला एक अरुंद रकाना होता, त्यावर नुसतं ख. खाली कुठे टिंब, कुठे फुली. ख म्हणजे खुराक. टिंब म्हणजे वाटी संपवली, फुली म्हणजे शिल्लक ठेवली. पंतांनी आयुष्यात कधी वाटी शिल्लक ठेवल्याचं भाऊंना आठवत नव्हतं. पण बाईंनी फुली घातली आहे म्हणजे ठेवली असणार.

मग ते शेवटच्या पानाशी आले, आणि तिथेच अडले. तपासले, बरोबर आहे. पेनाचं टोपण काढायचे, खाकरायचे, टोपण लावायचे. जेवणावरची वासना उडाली.

"मी सांगू?" बायको म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. लग्नानंतर भाऊंनी तिच्यापासून लपवलेली एकही गोष्ट नव्हती, कारण लपवायचं तर आधी दुसरं काहीतरी बोलावं लागतं. "जाऊन सांगून टाका. बाई काय करतील फार तर? नापास? ते तर एकदा करून झालंय."

"त्यांचं जन्माचं काम आहे गं. या वयात त्यांना सांगायचं की पाया कच्चा आहे?"

"मग सही करा."

"खोटी सही?"

"मग सांगा."

"तू प्रत्येक वेळी दोनच रस्ते कसे दाखवतेस?" भाऊ म्हणाले.

"तिसरा तुम्ही अडतीस वर्षं वापरलात. तो आता संपला. स्वेटर घाला, बाहेर वारा आहे."

गठ्ठा काखेत मारून भाऊ निघाले. बाई भाचीकडे राहत, दुसऱ्या मजल्यावर. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. बाई, एक सांगायचं होतं. बाई, माझ्याकडून एक चूक झाली. प्रत्येक वाक्य जिन्यापर्यंत टिकलं आणि जिन्यात सांडलं. दाराशी उभं राहून त्यांनी घंटेकडे बोट नेलं आणि खाकरले.

घंटा दाबायच्या आत दार उघडलं.

"या," भाची म्हणाली. "मावशीनं आतूनच सांगितलं, दार उघड, भाऊ आलाय म्हणून. तिला आताशा दिसत नाही फारसं, पण कान बघा."

बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. अंग आकसलेलं, केस पांढरे, पण पाठ तशीच ताठ. त्यांचा उजवा हात लोकरीच्या जाकिटाच्या खिशात चाचपडत होता. त्यातून पेन्सिलीचा एक तुकडा निघाला. तो हातात आल्यावर बाईंनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि तसाच धरून ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "बायको बरी आहे? अजून तुझी टिंगल करते ना?"

"हो बाई."

"चांगलं आहे. मुद्रितं आणलीस?"

भाऊंनी गठ्ठा मांडीवर ठेवला. भाची चहा ठेवायला आत गेली. आता बोललं नाही तर चहा येईल, मग चहावर बोलणं होईल, मग जायची वेळ होईल, हे भाऊंना पुरतं कळत होतं. ते खाकरले. बाईंची पेन्सिल हलली.

"बाई, पहिला निबंध चुकीचा आहे."

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"माझ्यामुळे," भाऊ म्हणाले, आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. शब्द आपोआप येत गेले. बटण, खाकरणं, फरशीपर्यंतची लाळ, कागदावरच्या अलीकडच्या रेघा, राहून गेलेली रजा, अडतीस वर्षं. "तुम्ही मला उभं केलंत. नापास झालेल्या मुलाला कोण विचारतं? ग्रंथालयाची किल्ली दिलीत, लग्नाला आलात, मी कधी बोललो नाही तरी मला कधी मुका समजला नाहीत. आणि मी तुमच्या कामात हे असं करून ठेवलं. पंत भोंगा ऐकतच नव्हते, बाई. ते मला ऐकत होते."

बाईंनी डोळे मिटले होते. भाऊंना वाटलं, संपलं सगळं.

"ख चं काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"अं?"

"वहीतला ख. कडेचा रकाना. तुटक अक्षरं तूच सोडवलीस ना?"

"खुराक लिहिलंय," भाऊ म्हणाले.

बाईंचे खांदे हलायला लागले. भाऊ घाबरून अर्धे उठले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई हसताहेत. इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले.

"खुराक! अरे, पंतांनी कधी वाटी शिल्लक ठेवली होती का? अगं, ऐकलंस का? खुराक म्हणतो." मग त्या थांबल्या, श्वास घेतला. "ख म्हणजे खाकरणं. टिंब म्हणजे खाकरला. फुली म्हणजे नाही."

भाऊ उभेच राहिले.

"बस, पडशील. पंत आल्यावर दुसऱ्या महिन्यातच माझ्या ध्यानात आलं. मी तुझ्या पाठीमागे बसत होते, माझ्या कानांना काय झालं होतं? भोंग्याआधी दोनदा खाकरणं, आणि त्यानंतर थेंब. मी रकाना आखला. मग मला खाकरण्याशिवाय नुसत्या भोंग्यावर किती थेंब पडतात ते बघायचं होतं. तुला मी दर आठवड्याला कुठे पाठवायचे?"

"पोस्टात," भाऊ पुटपुटले. "तिकिटं आणायला."

"कधी?"

"गुरुवारी. तुम्ही म्हणायच्या, पोस्टात गर्दी असते, सावकाश ये."

"आणि गर्दी असायची?"

नसायची. भाऊंना ते दर गुरुवारी नवल वाटे. बाईंचा एक खण तिकिटांनी गच्च भरला होता, तरी त्या पुन्हा पाठवायच्या. आपल्यावर एक जबाबदारीचं बाहेरचं काम सोपवलंय याचा भाऊंना अभिमान होता. ते खरोखर सावकाश जात आणि सावकाश येत.

"गुरुवारी बटणावर मी बसायचे. खाली मान, तोंड बंद. बघ, पहिल्या निबंधाचा तक्ता काढ. तारखा वाच."

भाऊंनी पान काढलं. हे पान त्यांनी चार दिवसांत सहा वेळा तपासलं होतं. "चार," त्यांनी वाचलं. "अकरा. अठरा. पंचवीस." पुढचा महिना. "दोन. नऊ. सोळा."

प्रत्येक आकडा त्यांनी वहीशी ताडून पाहिला होता, प्रत्येक बरोबर होता. त्यांच्यात सात-सात दिवसांचं अंतर आहे हे मात्र त्यांना दिसलं नव्हतं. वहीत त्या तारखांपुढे ख च्या रकान्यात ओळीनं फुल्या होत्या.

"गुरुवारचे थेंब कमी पडायचे," बाई म्हणाल्या. "मी कमीच छापले. पहिल्या निबंधात तुझं एकही खाकरणं नाही. बाकीच्या सहा दिवसांचं सगळं मी बाजूला ठेवलं. ते दुसऱ्या निबंधात आहे."

"दुसऱ्या निबंधात प्रयोगकर्त्याचं आहे, बाई."

"हो."

"प्रयोगकर्ता म्हणजे तुम्ही."

"बटण कोण दाबत होतं?" बाई म्हणाल्या. "अरे, तो निबंध तू स्वतःच्या हातानं लिहून काढलास. त्यात 'घशातला आवाज' असं मी लिहिलं होतं. मला वाटलं, आता कळेल. तू प्रत आणून ठेवलीस आणि म्हणालास, 'बाई, खुर्चीला तेल घालू का?' मला बोलताच येईना."

भाऊंना ते आठवलं. तेल त्यांनी घातलंही होतं. प्रयोगकर्ता हा शब्द त्या निबंधात चाळीसेक वेळा येतो. चाळीस वेळा त्यांनी तो वळणदार अक्षरात लिहिला होता, आणि त्यात आपण असू ही शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

भाची चहा ठेवून, दोघांकडे बघून परत गेली.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" भाऊंनी विचारलं. त्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सांगितलं असतं तर तू खाकरणं बंद केलं असतंस, नाहीतर मुद्दाम खाकरला असतास. दोन्हीकडून प्रयोग बुडाला असता. हे झालं शास्त्राचं कारण." बाईंनी पेन्सिल बोटांत फिरवली. "मग प्रयोग संपला. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मला लाज वाटली. कुत्र्याला विचारता येत नाही म्हणून आपण त्याला न विचारता मेजावर चढवतो. तुला विचारता येत होतं. एका भिडस्त माणसाची भीड मी तीन वर्षं त्याच्या पाठीमागे बसून मोजली, आणि त्यावर नाव कमावलं. हे कुठल्या तोंडानं सांगू? उद्या सांगू, सोमवारी सांगू करत राहिले."

"सुट्टीनंतर सांगू," भाऊ म्हणाले.

"तेही." बाई थोड्या हसल्या. "आता विचारते. वह्या छापून येताहेत. ख म्हणजे खुराक राहू दिलं तर कुणाला काही कळणार नाही, तुझी झाकली मूठ. खरं घातलं तर सगळ्या जगाला कळेल की हा माणूस कोण होता. तू म्हणशील तसं. राहू दे म्हणालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

भाऊंनी चहाचा घोट घेतला. गरम होता, जीभ भाजली. आपलं खाकरणं जाड पुस्तकात, तारीखवार. परदेशात लोक वाचतील. पन्नास वर्षांत जिची लाज वाटली नाही असा एक दिवस गेला नव्हता, तीच गोष्ट बाईंनी टिंबाटिंबानं जपून ठेवली होती. सात वेळा मोजली होती जिन्याखालच्या त्या दिवशी, आणि नंतर काही हजार वेळा. एवढं लक्ष देऊन त्यांना आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. बायको सोडून, पण तिला ऐकावंच लागत होतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. 'खुराक' वर एक सरळ रेघ मारली आणि समासात स्वच्छ लिहिलं : ख = खाकरणे (प्रयोगकर्त्याचे).

"लिहिलं," ते म्हणाले.

"काय लिहिलंस वाच."

त्यांनी वाचलं.

"प्रयोगकर्त्याचं पूर्ण नाव घाल," बाई म्हणाल्या.

भाऊंनी नाव घातलं. मग शेवटचं पान काढलं. तपासले, बरोबर आहे. सही केली. या खेपेला टोपण एकदाच काढलं आणि एकदाच लावलं.

मग त्यांना बाईंचे आभार मानायचे होते. नोकरीबद्दल मानायचे होते, किल्लीबद्दल, गुरुवारांबद्दल, आणि त्या शून्याबद्दलसुद्धा. ते उभे राहिले, गठ्ठा काखेत धरला आणि दोनदा खाकरले. पुढे शब्द आले नाहीत. मघाशी आले होते तेवढेच त्यांच्या वाट्याचे असावेत.

बाईंचा हात आपणहून पुढे सरकला. खुर्चीच्या हातावर पडलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं एक टिंब दिलं. दिल्यावर त्यांनी बोटांनी ते चाचपून पाहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "मलाही शिकवून ठेवलंस तू. भाची म्हणते एरवी हे हात दिवसभर मांडीवर गप्प असतात." मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "आज वार कुठला?"

भाऊंनी आठवून पाहिलं. "गुरुवार, बाई."

"मग जा. आज टाकलंस तर शनिवारी पोचेल. पोस्टात गर्दी असेल. सावकाश जा."

पोस्टात कुणीही नव्हतं. तरी भाऊ सावकाश गेले.